‘इतकं कसं कळलं नाही?’

जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या शोरूमबाहेर माणसं जमली. गुंतवणुकीवर दर आठवड्याला येणारे पैसे थांबले होते. फसलेल्यांत दादरच्या बाजारात भाजी विकणारेही होते. दोन दिवसांत लोकलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लागून गेला: हावरट मेले, भोगा आता.

हाव नव्हती असं कोण म्हणेल? पण तेवढीच नव्हती. आधीचे कित्येक महिने पैसे खरोखर येत होते. शेजारच्या गाळेवाल्याला आलेले दिसत होते. नव्यांकडून घ्यायचे आणि जुन्यांना वाटायचे, ही पाँझी योजनेची रीतच आहे. खात्री करून घ्यायला गेलेल्या माणसाच्या हाती जो पुरावा लागतो, तोही भामट्यानेच तयार केलेला असतो.

बरं, दोष हावेचाच म्हणावा, तर पीएमसी बँकेचं काय? सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढायची मुभा ठेवली. या ठेवीदारांनी काय केलं होतं? परवानाधारक बँकेत एफडी. एका बिल्डर समूहाची थकलेली कर्जं लपवायला बँकेतल्याच लोकांनी हजारो खोटी कर्जखाती उभी केली होती, आणि तपासायला येणाऱ्यांना ती वर्षानुवर्षं दिसली नव्हती. तरी ठेवीदारालाच विचारलं गेलं, ‘सगळे पैसे एकाच बँकेत कशाला ठेवलेत?’ पासबुकात बघून त्याला काय कळणार होतं, देव जाणे.

म्हणजे हाव असो वा नसो, बोल लावायला आपल्याला काहीतरी सापडतंच. ते का, याचा एक धागा 1966 च्या एका प्रयोगात मिळतो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं: एका मुलीला चुकीच्या उत्तराबद्दल विजेचे झटके बसताहेत. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना तिची सुटका करता आली, त्यांनी तिच्याविषयी वाईट मत दिलं नाही. ज्यांना वाटलं की तिचे हाल असेच चालू राहणार आणि आपण काही करू शकत नाही, त्यांना ती मुलगीच कमी प्रतीची वाटू लागली. जग न्यायी आहे, हा भरवसा आपल्याला सोडवत नाही. मग न्याय दिसला नाही की आपण बळी पडलेल्याच्या अंगी दोष शोधतो. ‘तो मूर्ख होता’ म्हटलं की ‘मी नाही’ हे न बोलता सिद्ध होतं, आणि रात्री झोप लागते.

दुसरा धागा मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांच्या 1975 च्या प्रयोगाचा. त्यांनी लोकांना 1814 च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे, काहींना निकालच लागला नाही. मग विचारलं, शेवट माहीत नसता तर तुम्ही काय अंदाज केला असता? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे ठीक. पण मागच्याला असंही वाटू लागतं की तो दगड लांबूनच दिसत होता.

या शहाणपणाची किंमत भरतो तो फसलेलाच. बोल लागतील म्हणून तो गप्प बसतो, आणि तेवढ्यात वेळ जातो. सायबर फसवणुकीत 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यात थोपवता येण्याची शक्यता असते; भाड्याच्या खात्यांतून ते भराभर फुटत जातात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने ओटीपीसारखा तपशील स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे गप्प बसलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब आहे.

गिरगावात आमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेला ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे फोनवरच्या खोट्या अटकेच्या, धाकाने असंच लुबाडलं. त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही माझ्या आईला, जिन्यात. आईने फोन लावायला घेतला तर हात धरून म्हणाल्या, ‘पोलिसांना सांगा हवं तर, पण आमच्या विनूला नको.’