जालन्याचं बेथेल कुणी वसवलं?

मराठवाड्यात अजूनही ऐकू येतं : 'इथले ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांनी बाटवलेले.' हे खरं नाही, आणि गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांना ते लागतं.

मुळात मराठवाडा इंग्रजांच्या मुलखात नव्हताच. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं. जालन्यात इंग्रजी फौजेची छावणी होती, पण कारभार हैदराबादचा. आणि जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव उभं केलं ते नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मणानं. मुंबईत शिकताना १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री झाले. बेथेलला जमीन मिळाली निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. तिथं आले ते बहुतांशी मांग आणि महार, ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. परदेशातून पैसा येत होता, हे मान्य. पण उपदेश मराठीत होता आणि सांगणारा इथलाच होता.

'सवलतीसाठी धर्म बदलला' हेही तसंच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचं आरक्षण मिळत नाही. म्हणजे ख्रिस्ती होणाऱ्याच्या हातून ही सवलत जाते.