बरणीवरचं नाव : अमेरिकी घरगुती भांड्यांची पार्श्वभूमी

काच आणि पत्र्याचे डबे स्वस्त होण्याआधी अमेरिकेतल्या घराचं वर्षभराचं अन्न मातीच्या बरण्यांत असे. खारवलेलं मांस, चरबी, लोणी, लोणची, काकवी, सगळं. या बरण्यांची निळी नक्षी आणि झिलई पुष्कळ न्याहाळली गेली. त्या घडवणाऱ्यांची चौकशी फार उशिरा सुरू झाली, आणि मला महत्त्वाची वाटते ती हीच बाजू.

सुरुवात लाल भांड्यांपासून झाली. विटांना चालणारी माती, कमी आच, आणि पाणी झिरपू नये म्हणून शिशाची झिलई. अनेक कुंभार शेती सांभाळूनच भट्टी लावत. पण आंबट पदार्थात शिसं उतरतं, आणि फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राने १७८५ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता. स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या कठीण, पाणी न झिरपणाऱ्या भांड्यांना, हा धोका नव्हता. मात्र त्याला खास माती आणि खूप जास्त आच लागे. तापलेल्या भट्टीत मीठ टाकलं की त्याच्या वाफेने भांड्यांवर काचेसारखा थर चढे.

न्यूयॉर्कच्या कॉर्लिअर्स हुक भागात टॉमस कॉमेरॉ अशी भांडी करत आणि त्यांवर आपल्या नावाचा शिक्का उठवत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली त्यांची भट्टी कालव ठेवायच्या बरण्याही पुरवी. संग्राहकांना नाव ठाऊक होतं, पण हा कुंभार गोरा असणार हे सर्वांनी गृहीत धरलं होतं. ते स्वतंत्र कृष्णवर्णीय होते, हे जनगणनेच्या नोंदी तपासल्यावर एकविसाव्या शतकात उघड झालं.

दक्षिण कॅरोलायनातल्या एजफिल्डची गोष्ट याहून कठोर आहे. तिथे मिठाऐवजी लाकडाच्या राखेची किंवा चुन्याची झिलई वापरत, आणि कारखाने गुलामांच्या श्रमावर चालत. माती खणणं, कालवणं, चाकावर घडवणं, भट्टी पेटवणं ही कामं त्यांचीच. तयार बरण्या मळ्यांवर जात, आणि त्यांतलं मांस व चरबी इतर गुलामांना शिधा म्हणून वाटली जाई.

इथेच डेव्ह नावाचा गुलाम कुंभार ओल्या मातीवर सही, तारीख आणि दोन ओळींच्या कविता कोरत असे. त्याच्या तारीख असलेल्या पहिल्या ज्ञात कविता १८३४ च्या उन्हाळ्यातल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं. तरी त्याचं लिहिणं कायमचं थांबलं नाही. १८५७ च्या एका बरणीवर तो विचारतो, माझे सगे-सोयरे सारे कुठे असतील? माणसं विकून कुटुंबं तोडणाऱ्या व्यवस्थेत ही ओळ बरणी विकत घेणाऱ्या प्रत्येकासमोर जात होती, यापुढे मला दुसरा कुठलाही दस्तऐवज थिटा वाटतो. १८५९ मध्ये त्याने बॅडलर नावाच्या सहकाऱ्याबरोबर सुमारे ४० गॅलनच्या, म्हणजे जवळजवळ १५० लिटरच्या बरण्या केल्या. गुलामगिरी संपल्यानंतरच्या १८७० च्या जनगणनेत तो डेव्हिड ड्रेक या पूर्ण नावाने सापडतो, व्यवसायाने कुंभार.

त्याआधीच, १८५८ मध्ये, जॉन मेसनने फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं होतं, आणि पुढच्या काही दशकांत घरोघरची मातीची बरणी मागे पडत गेली. ड्रेकची एक बरणी २०२१ मध्ये १५ लाख डॉलरहून अधिक किमतीला एका संग्रहालयाने घेतली. एजफिल्डच्या बहुतेक बरण्यांवर मात्र घडवणाऱ्याचं नाव नाही.