पक्षफुटीच्या काळातली राज्यसभेची खासदारकी, मराठवाड्यातून बघताना

राज्यसभेची खासदारकी म्हणजे सहा वर्षांची, आमदारांच्या मतांवर मिळणारी आणि पक्ष फुटला तरी लगेच न हलणारी जागा. लोकसभेचा खासदार पाच वर्षांनी का होईना गावात येऊन हात जोडतो, राज्यसभेवाल्याला तशी गरज पडत नाही कारण त्याचे मतदार म्हणजे विधानसभेतले २८८ आमदार, आणि त्यातले मराठवाड्याचे ४६. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत, दर दोन वर्षांनी सभागृहातले साधारण एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात, पूर्ण सभागृह कधीच बरखास्त होत नाही. खरी गुंतागुंत इथंच आहे. मत देणारे आमदार बदलतात, एका पक्षाचे दोन होतात, चिन्ह या हातातून त्या हातात जातं, पण खासदार मात्र जुन्या मतांवर आणि जुन्या पक्षाच्या नावावर दिल्लीत बसलेला असतो.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. पक्षांतरबंदी १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली, तिलाच दहावी अनुसूची म्हणतात. सुरुवातीला पक्षाच्या सभागृहातल्या एक तृतीयांश लोकांनी मिळून वेगळा गट काढला तर ती 'फूट' मानून त्यांना सूट होती, २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ती सूट काढून टाकली आणि दोन तृतीयांश लोकांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं एवढाच रस्ता उरला. राज्यसभेत अपात्रतेचा निकाल सभापती देतात, म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. खासदाराने राजीनामा लिहून दिलाच पाहिजे असं नाही, वागण्यावरूनसुद्धा 'स्वतःहून पक्ष सोडला' असं ठरवता येतं. डिसेंबर २०१७ मध्ये जनता दल युनायटेडचे शरद यादव आणि अली अन्वर यांची खासदारकी अशीच गेली. उलट २०१९ च्या जूनमध्ये तेलुगू देसमच्या सहापैकी चार खासदारांनी भाजपमध्ये विलीन झाल्याचं पत्र दिलं, दोन तृतीयांशचा हिशोब बरोबर बसला आणि चौघांच्याही जागा वाचल्या.

हा हिशोब छोट्या पक्षाला फार जड जातो. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा राज्यसभेत तिचे तीनच खासदार होते, संजय राऊत, अनिल देसाई आणि प्रियांका चतुर्वेदी, आणि तिघंही उद्धव ठाकरेंकडंच राहिले. लोकसभेत मात्र महाराष्ट्रातल्या १८ पैकी १२ शिंदेंकडं गेले, त्यात हिंगोलीचे हेमंत पाटील होते, तर परभणीचे बंडू जाधव आणि धाराशिवचे ओमराजे जागचे हलले नाहीत. म्हणजे पक्ष एकच, पण लोकसभेत दोन तृतीयांश गेला आणि राज्यसभेत एकही नाही. माझ्या मते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण टीव्हीवर 'पक्ष गेला' एवढंच सांगतात.

राष्ट्रवादीचं २ जुलै २०२३ नंतर वेगळंच झालं. राज्यसभेत चार खासदार, शरद पवार, प्रफुल्ल पटेल, वंदना चव्हाण आणि परभणीच्या फौजिया खान. दोन तृतीयांश म्हणजे किमान तिघं लागत होते आणि अजित पवारांबरोबर एकटे पटेल गेले. पुढं पटेलांनी काय केलं तर २०२८ पर्यंतची मुदत हातात असताना फेब्रुवारी २०२४ ला परत नवीन अर्ज भरला, निवडून आले आणि जुनी जागा सोडली, मग त्यांच्याविरुद्धचा अपात्रतेचा अर्ज ज्या जागेवरून होता ती जागाच राहिली नाही. त्या रिकाम्या जागेवर जूनमध्ये सुनेत्रा पवार बिनविरोध गेल्या. त्याच फेब्रुवारीत, ६ तारखेला, निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिलं, आणि राज्यसभेची निवडणूक तोंडावर म्हणून शरद पवारांच्या गटाला लगेच दुसऱ्या दिवशी नवीन नाव मिळालं, 'नॅशनलिस्ट काँग्रेस पार्टी – शरदचंद्र पवार'.

आता मराठवाड्याकडं. २०२० ला महाराष्ट्रातून सात जण बिनविरोध गेले, त्यातले तीन आपल्याकडचे आणि तिघांचे पक्ष तीन, फौजिया खान राष्ट्रवादीच्या, कळमनुरीचे राजीव सातव काँग्रेसचे, संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड भाजपचे. कराड पुढच्याच वर्षी केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. सातव मे २०२१ मध्ये वारले, ते जाणं हिंगोली-परभणीकडच्या माणसाला आजही लागतं, वय पन्नाशीच्याही आतलं होतं. त्यांच्या जागेवर बीडच्या रजनी पाटील आल्या, ज्या १९९६ ला बीडमधूनच भाजपच्या तिकिटावर लोकसभेत गेल्या होत्या. पक्ष बदलणं आपल्याकडं काही २०२२ ला सुरू झालेलं नाही.

१० जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक तर फुटीच्या दहा दिवस आधीची. सहा जागा, सात उमेदवार. पहिल्या पसंतीच्या मतांत शिवसेनेचे संजय पवार भाजपच्या धनंजय महाडिकांच्या पुढं होते, पण भाजपच्या बाकीच्या दोघांची जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडं वळली आणि पवार पडले. हे मतदान गुप्त नसतं. २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते, दुसऱ्या कुणाला दाखवली तर मत बाद, शिवसेनेच्या सुहास कांदेंचं मत त्या दिवशी बादच झालं. पण यात एक फट आहे, वेगळं मत दिलं म्हणून पक्षांतरबंदीखाली आमदारकी जात नाही, पक्ष फार तर कारवाई करेल. म्हणून फुटीची पहिली खूण बऱ्याचदा राज्यसभेच्या मतमोजणीत दिसते. अपक्ष आणि छोट्या पक्षांची मतं कुठं गेली याची चर्चा अजून संपली नव्हती तेवढ्यात पैठणचे संदिपान भुमरे, परंड्याचे तानाजी सावंत असे आपल्याकडचे आमदार शिंदेंसोबत गेलेले दिसले.

नांदेडचा रस्ता वेगळा. अशोक चव्हाणांनी १२ फेब्रुवारी २०२४ ला काँग्रेस आणि भोकरची आमदारकी दोन्ही सोडलं, १३ ला भाजपमध्ये, १४ ला उमेदवारी आणि २० ला बिनविरोध खासदार. आधीच राजीनामा दिल्यामुळं पक्षांतरबंदी आडवी आलीच नाही. त्याच यादीत नांदेडचेच डॉ. अजित गोपछडे होते, म्हणजे एका जिल्ह्याला एका फेरीत दोन खासदार. चव्हाणांचे वडील शंकरराव राज्यसभेत सभागृह नेते होते, ते काँग्रेसकडून.

जुन्या फुटीत राज्यसभेची ताकद सगळ्यात उघड दिसली ती १९६९ नंतर. काँग्रेस दोन झाली, इंदिरा गांधींच्या विरोधातल्या संघटना काँग्रेसचे श्यामनंदन मिश्र राज्यसभेतले पहिले मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते झाले. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करायचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास होऊन आलं आणि राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ ने अडलं. दोन तृतीयांशला १४९.३३ हवे होते, एका मताचा तिसरा हिस्सा कमी. तनखा घेणाऱ्यांत हैदराबादचा निजामही होता, ज्याच्या राज्यातून मराठवाडा १९४८ ला सुटला, त्यामुळं हे मतदान आपल्याला परकं वाटायला नको.

राज्यसभा खासदाराचा वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात देता येतो, म्हणून परभणी-बीडच्या माणसाला या जागांचं पडलेलं असतं. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्याने आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि त्याच वेळी राज्यसभेत आपल्याकडचे कराड, चव्हाण, गोपछडे हे तीन भाजपचे होते. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला वारं पूर्ण फिरलं, महायुतीचे आमदार मोठ्या संख्येने आले, आणि त्यानंतरच्या राज्यसभेच्या फेरीसाठी मतपत्रिका त्यांच्याच हातात गेल्या.