व्युत्पत्तीच्या आधारे इंग्रजी शब्दसंग्रह

इंग्रजीतले अवघड शब्द सुटेसुटे पाठ न करता त्यांतील मूळ, उपसर्ग आणि प्रत्यय ओळखून एका कुळातले शब्द एकत्र शिकण्याची पद्धत. स्पर्धा परीक्षा, परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा आणि स्पेलिंगच्या स्पर्धा यांच्या तयारीत ती सर्रास वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत (सुरुवात १९२५) स्पर्धकाला शब्दाचा अर्थ आणि तो कोणत्या भाषेतून आला हे विचारता येते. शब्द ग्रीक आहे असे कळले की ‘फ’साठी पीएच आणि ‘क’साठी सीएच असण्याची शक्यता वाढते; एवढ्या माहितीवर कित्येक फेऱ्या निभावून जातात.

इंग्रजी ही थरांची भाषा असल्यामुळे ही पद्धत चालते. घरातले, शेतातले, नात्यागोत्याचे शब्द जर्मानिक (म्हणजे जर्मन, डच यांच्या कुळातल्या) थरातले आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि कायद्याचे फ्रेंच शब्द आले. सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी लॅटिन व ग्रीकमधून थेट उचल केली. म्हणून एकाच अर्थाला किंग्ली, रॉयल, रीगल असे तीन शब्द सापडतात. मराठीत आपण पाणी पितो, जलसंधारण करतो आणि उदक सोडतो. जागा बदलली की हसे होते, तसेच तिथेही होते. हे उसने शब्द खुद्द इंग्रजांनाही परके वाटत. रॉबर्ट कॉड्री यांनी १६०४ मध्ये काढलेला, पहिला एकभाषिक इंग्रजी कोश मानला जाणारा ग्रंथ म्हणजे अशाच सुमारे २,५०० अवघड शब्दांची यादी होती.

‘पाहणे’ या अर्थाचे लॅटिन मूळ स्पेक घेतले तर पद्धतीचा आवाका कळतो. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे. सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूबाजूंनी पाहणारा, म्हणून सावध. डिस्पाइज म्हणजे खाली पाहणे, म्हणून तुच्छ लेखणे. स्पीशस म्हणजे दिसायला छान, म्हणून वरवर पटणारा पण आतून पोकळ युक्तिवाद. ऑस्पिशसमध्ये ‘पक्षी’ आणि ‘पाहणे’ अशी दोन मुळे आहेत: रोममध्ये पक्ष्यांचे उडणे पाहून शुभाशुभ ठरवीत. संस्कृतातही ‘शकुन’ या शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द एकदा उलगडला की पुन्हा विसरत नाही. संस्कृतातला ‘स्पश्’ हा धातू स्पेकचाच सख्खा; आपला ‘स्पष्ट’ त्याच धातूचा. कॉन्स्पिक्युअस म्हणजे ठळकपणे दिसणारा, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र कॉन्स्पिक्युअसमध्ये ‘स्पेक’चे ‘स्पिक’ झाले आहे. नवशिके नेमके इथेच अडतात. उपसर्ग लागला की लॅटिन मुळातला स्वर बारीक होतो: फॅक्टरीतले ‘फॅक’ डिफेक्टमध्ये ‘फेक’ आणि डिफिशंटमध्ये ‘फिश’ ऐकू येते, टेनंटमधले ‘टेन’ कॉन्टिनेंटमध्ये ‘टिन’ होते. मूळ उच्चारात नव्हे, स्पेलिंगमध्ये शोधावे. उपसर्गही रूप बदलतात. नकारार्थी ‘इन’ हा एलच्या आधी ‘इल’, आरच्या आधी ‘इर’ आणि बी, एम, पीच्या आधी ‘इम’ होतो: इल्लीगल, इर्रेग्युलर, इम्पॉसिबल. उत् + लेख = उल्लेख, सत् + जन = सज्जन हा व्यंजनसंधी शाळेत शिकलेल्याला यात नवे काही नाही. ‘ॲड’ हा उपसर्ग सर्वांत लबाड, कारण तो पुढच्या अक्षरात विरघळून ॲफ, ॲग, ॲप, ॲट अशी सोंगे घेतो. स्पेलिंगच्या सुरुवातीला ए आणि त्यानंतर जोड व्यंजन दिसले की प्रथम याचाच संशय घ्यावा.

संस्कृत–लॅटिन साम्याचा उपयोग मोठा आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत या भाषांच्या समान उगमाची शक्यता मांडली. दंत–डेंटल, जन–जेनेटिक, नव–नोव्हेल या जोड्या खऱ्या आहेत. इंग्रजीच्या जर्मानिक थरात ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘ट’ झाल्याने ‘पद’चे फूट झाले, तर लॅटिन थरात पेडल तसाच राहिला. पण नुसता कानाला जुळणारा आवाज हा पुरावा नव्हे. लॅटिन ‘दिएस’ आपल्या ‘दिवस’चा नातलग आहे, इंग्रजी ‘डे’ मात्र दोघांचाही कोणी लागत नाही.

प्रत्यक्ष कामासाठी वहीत एका मुळाला एक पान द्यावे. डोक्यावर मूळ, भाषा आणि मूळ अर्थ. खाली सहा ते आठ शब्द. प्रत्येकासमोर फोड, शब्दशः अर्थ, आजचा अर्थ आणि वाचनात सापडलेले एक वाक्य. वाक्याचा रकाना रिकामा राहिला तर शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. शब्द भेटला की आधी संदर्भावरून अंदाज करावा, मग फोड करावी, मग कोश उघडावा. क्रम उलटला की अंदाज करण्याची सवयच लागत नाही. आठवड्याला तीन मुळे पुरेत. वर्षाला दीडशे मुळांतून हजारभर शब्द होतात. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी आणि महिन्याने, अर्थ झाकून करावी. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ मधील मोजणीप्रमाणे कादंबरी किंवा वृत्तपत्रातले ९८ टक्के शब्द कळायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे (एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुळ) लागतात. एवढी मजल नुसत्या वहीवर जात नाही. भरपूर वाचन लागतेच.

चुका बहुधा मूळ हाच अर्थ समजल्याने होतात. इग्रीजस म्हणजे ‘कळपातून वेगळा’. पूर्वी तो गौरवाने वापरत, आज ‘ढळढळीत वाईट’ या अर्थाने. एनर्व्हेटमध्ये ‘नर्व्ह’ दिसते म्हणून अनेक जण ‘जोम आणणे’ असे धरतात. खरा अर्थ स्नायू काढून घेतल्यासारखे गळून जायला लावणे. इन्व्हॅल्युएबलचा अर्थ ‘कवडीमोल’ नव्हे, तर ‘अमूल्य’; या ठिकाणी मराठी शब्दाची घडणही तशीच असल्याने मदत होते. इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ मात्र नकाराचा नाही. वस्तू चटकन पेट घेते. पेड म्हणजे लॅटिनमध्ये पाय, पण पीडियाट्रिक्समध्ये ग्रीक मूळ आहे, अर्थ मूल. होमो लॅटिनमध्ये माणूस, ग्रीकमध्ये सारखा. आउटरेजमध्ये ना आउट आहे ना रेज. तो फ्रेंच ‘ऊत्र’, म्हणजे ‘पलीकडे’, यावरून आला. नॉइसमचा (किळसवाणा) गोंगाटाशी संबंध नाही, तो ‘ॲनॉय’च्या घरचा.

इन्जीनियस (कल्पक) आणि इन्जेन्युअस (निष्कपट) दोन्ही ‘जन’ कुळातले. एकाच दिवशी शिकले तर अदलाबदल ठरलेली. मध्ये निदान पंधरवडा जाऊ द्यावा.

लोकव्युत्पत्तीचे आकर्षण तर सर्वांनाच असते. सिन्सिअर म्हणजे ‘बिनमेणाचा पुतळा’ ही कथा वर्गात रंगते, पण शब्द लॅटिन ‘सिन्सेरुस’, म्हणजे शुद्ध, यावरून आला आहे. गोष्ट जितकी सुबक, तितका कोश आधी पाहावा. मराठी ‘मुंगूस’वरून गेलेल्या मंगूसला इंग्रजांनी कानाला जुळते म्हणून गूसचे शेपूट जोडले असले, तरी त्याचे अनेकवचन मंगूसेस असेच होते, ‘गीस’ त्यात नाही, कारण त्यात बदक-हंसांपैकी कोणीच नाही.