मानसिकता बदलायला पिढ्या लागतात?

घरातल्या मारहाणीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलंच. ते खरं नाही.

युगांडातल्या कंपाला शहरात आठ वस्त्यांचा अभ्यास झाला. त्यांतल्या चार वस्त्यांत ‘सासा!’ (म्हणजे ‘आत्ता!’) हा उपक्रम राबवला गेला. २०१२च्या पाहणीत तिथे जोडीदाराकडून होणाऱ्या शारीरिक हिंसेचं प्रमाण उरलेल्या वस्त्यांच्या जवळपास निम्मं आढळलं. वस्त्या मोजक्या होत्या, म्हणून आकडा जपून वापरावा. पण मारहाणीला योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाणही तिथे स्पष्टपणे कमी होतं.

भाषणं द्यायला बाहेरून कुणी आलं नव्हतं. वस्तीतलेच बाई-पुरुष शेजाऱ्यांशी बोलत राहिले: घरात सत्ता कुणाकडे असते, ती कशी वापरली जाते? ‘त्यांच्या घरचं ते बघतील’ म्हणणारा शेजारी मध्ये पडू लागला, की मारणाऱ्याला मिळणारी मूक संमती जाते.