जुन्या विमानात उपकरण-उड्डाणाची साधने बसवण्यापूर्वी: विजेचा हिशेब

उद्यमनगरमधील आमच्या कार्यशाळेत जुन्या हलक्या विमानांची पॅनेल व वायरिंग तयार होते. उपकरण-उड्डाण, म्हणजे ढगात बाहेरचे काही दिसत नसता केवळ उपकरणे पाहून उडणे, ज्यांना करायचे असते असे बहुतेक ग्राहक येतात तेव्हा आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कलले ते दाखवणारे), व्हीओआर-आयएलएस रिसीव्हर (मार्ग व धावपट्टी दाखवणारे रेडिओ संकेत घेणारा) आणि ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारा) आधीच खरेदी केलेले असतात व पॅनेल केव्हा कापून मिळेल, एवढेच विचारायचे उरलेले असते. यंत्रांना वीज कोठून मिळणार, हा प्रश्न बहुधा पत्रा कापून झाल्यावर निघतो, आणि मग तेच पॅनेल पुन्हा करावे लागते.

एचएएलच्या पुष्पक या हलक्या, दोन आसनी विमानाचे उदाहरण घ्यावे. १९५८ साली प्रथम उडालेल्या या विमानाला कॉन्टिनेन्टलचे ९० अश्वशक्तीचे सी-९०-८एफ इंजिन असते. त्यातील ‘८’चा अर्थ असा, की त्यावर स्टार्टर वा जनरेटर बसवण्याची सोयच नाही, ती ‘१२’च्या इंजिनांवर आहे. म्हणून काहीही विकत घेण्याआधी इंजिनाची पाटी वाचावी. जनरेटर असला, तरी जुना १२ अँपिअरचा फारसा पुरत नाही. १०० वॅटचा पिटो-हीटर (वेग मोजणारी नळी गोठू न देणारा) १२ व्होल्टवर एकटाच ८ अँपिअरहून अधिक घेतो, आणि उतरताना थ्रॉटल मागे घेतला की जनरेटरची वीज आणखी घटते.

आर्टिफिशियल होरायझनसारखी साधने जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीवर, चालतात; ‘जायरोसाठी व्हेंचुरी आहेच’ असेही सांगितले जाते. व्हेंचुरी म्हणजे विमानाबाहेर बसवलेली, मध्ये निमुळती नळी; तिच्यातून वाहणाऱ्या हवेने निर्माण होणाऱ्या ओढीवर जायरो फिरतो. निरभ्र हवेत ती चालते. परंतु तिची ओढ बाहेरच्या झोतावर अवलंबून असल्याने उड्डाण घेताना जायरोला पुरता वेग आलेला नसतो, आणि थंड ढगात तिच्या गळ्यात बर्फ धरला की ओढ तुटते. ज्या ढगासाठी खर्च केला, तेथेच जायरो दगा देतो. त्यामुळे केवळ व्हेंचुरीच्या भरवशावरचे पॅनेल आम्ही उपकरण-उड्डाणासाठी करून देत नाही. हीच ओढ इंजिनाच्या जोरावर देणाऱ्या व्हॅक्यूम पंपाला इंजिनावर जागा लागते. ती नसेल तर विजेवरचा जायरो घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा विजेचाच प्रश्न.

भाराचा तक्ता, म्हणजे कोणते साधन किती वीज घेते याचा हिशेब, पूर्ण झाल्याशिवाय आम्ही पत्र्याला हात लावत नाही, याचा काहींना राग येतो. सततचा भार जनरेटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत बसावा आणि जनरेटर बंद पडल्यास आवश्यक साधने बॅटरीवर अर्धा तास चालावीत, एवढे त्यातून आम्ही पाहतो. बदलाच्या मंजुरीच्या कागदपत्रांतही हा तक्ता लागतोच.

इंजिन व जनरेटरच्या पाट्यांची छायाचित्रे, बॅटरीची क्षमता आणि शेवटचा वजन-अहवाल पाठवल्यास तक्ता आम्ही विनामूल्य करून देतो. साधने त्यानंतर, शक्यतो आम्हाला विचारून, घ्यावीत.