वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून त्रिज्या

वर्तुळाचे क्षेत्रफळ ठाऊक असताना त्रिज्या काढायची, तर क्षेत्रफळाला π ने (सुमारे ३.१४१६) भागून भागाकाराचे वर्गमूळ घेतात. क्षेत्रफळ = π × त्रिज्या² या सूत्राचीच ही उलटी वाट. १५४ चौ. सेंमी. ला २२/७ ने भागले की ४९ येतात आणि त्रिज्या ७ सेंमी. निघते. ४९ वरच थांबणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक; तो आकडा चौरस सेंटिमीटरांचा असतो, लांबीचा नव्हे. वर्गमुळामुळेच क्षेत्रफळ चौपट झाले तरी त्रिज्या दुप्पटच होते.

भारतात हा प्रश्न प्रथम दोरी-खुंटीने सोडवला गेला, आणि त्याचा तो इतिहास सूत्राहून कितीतरी रंजक आहे. यज्ञपरंपरेत गार्हपत्य अग्नीचे स्थान गोल, आहवनीयाचे चौकोनी. क्षेत्रफळ मात्र दोन्हींचे सारखे. म्हणजे चौरस हाती असताना तेवढ्याच वर्तुळाची त्रिज्या हवी. बौधायन शुल्बसूत्रातली (यज्ञवेदीच्या मापांचा प्राचीन ग्रंथ) रीत अशी: चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणावी, तीच पूर्वेकडे वळवावी, बाजूच्या पलीकडे जेवढी उरेल तिचा फक्त तिसरा भाग ठेवावा आणि मध्यापासून तिथपर्यंतच्या दोरीने वर्तुळ फिरवावे.

एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस (१,०८९ चौ. फूट), घेऊन पाहू. मध्यापासून कोपरा २३.३३ फुटांवर, बाजू १६.५ फुटांवर, उरलेल्या ६.८३ फुटांचा तिसरा भाग २.२८. त्रिज्या आली १८.७८ फूट. खरी त्रिज्या १८.६२ फूट. फरक दोन इंचांचा, पण वर्तुळ सुमारे १९ चौ. फुटांनी मोठे होते. वर्गमुळाचे कोष्टक नाही, π चे नाव नाही, तरी दोरीच्या तीन हालचालींत एवढी जवळीक साधणे हे थोर काम आहे.

पट्टी-कंपासने ही त्रिज्या अचूक मिळूच शकत नाही. π ही बीजातीत संख्या आहे, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे ती उत्तर नाही, हे फर्डिनांड फॉन लिंडेमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केले आणि चौरसाइतके वर्तुळ काढण्याचा जुना प्रश्न मिटला.

आकडेमोडीने मात्र हवे तितके जवळ जाता येते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) क्षेत्रफळासाठी व्यासाचा वर्ग ३९२७/५००० ने गुणावा असे सूक्ष्म मान दिले आहे आणि व्यवहारापुरते स्थूल मान म्हणून ११/१४. हे दुसरे उलटवले की गुंठ्याचे गणित तोंडी होते: १,०८९ ला ११ ने भागून ९९, चौदापट १,३८६, त्याचे वर्गमूळ ३७.२३ फूट हा व्यास. त्याच्या निम्मी त्रिज्या खऱ्या त्रिज्येपेक्षा जेमतेम एक मिलिमीटरने कमी भरते.